निळ्या डब्यातला ओला कचरा

नोकरीत असताना मी लोकांच्या बॅगा उघडायचो. विमानतळावर कस्टममध्ये माझी सगळी हयात गेली. "काही जाहीर करायचंय?" असं विचारायचं, समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघायचं आणि मग त्याच्या कपड्यांत हात घालायचा, हे माझं काम. एवढ्या वर्षांतली माझी सगळ्यात गाजलेली कामगिरी म्हणजे एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी. हस्तिदंत समजून मी ती जप्त केली होती आणि ते बिचारे तोंडाचं बोळकं उघडून ती कोणाची आहे हे मला पटवत होते. तरीही निवृत्त झालो तेव्हा आपली नजर तिथल्या यंत्रापेक्षा तेज आहे, अशी माझी पक्की समजूत होती. अशा माणसाने घरी बसून काय करावं? मी इमारतीच्या कचऱ्यात लक्ष घातलं.

आमची इमारत तीन मजल्यांची, जुनी, बिनलिफ्टची. आधी सगळ्यांचा कचरा एकाच पिंपात पडायचा. मी सभा घेतली, भाषण केलं, भाषण आवरा असं तीनदा सांगितलं गेलं तरी पूर्ण केलं आणि कचरा समितीचा अध्यक्ष झालो. समितीत मी एकटाच होतो. मागच्या अंगणात दोन डबे आणवले: ओल्यासाठी हिरवा, सुक्यासाठी निळा. दुकानदार म्हणत होता की एक गोल घ्या, एक चौकोनी घ्या, स्वस्त पडेल. मी म्हणालो, छे, दोन्ही गोलच, एकाच मापाचे, एकाच घाटाचे पाहिजेत. शिस्त दिसली पाहिजे. ओल्याचं आम्ही अंगणाच्या कोपऱ्यात खत करू लागलो आणि सुका दर आठवड्याला गाडी घेऊन जाऊ लागली.

घरी वेगळीच गंमत होती. पुन्हा वापरता येईल म्हणून मी एकही बरणी टाकू देत नव्हतो. मुरंब्याच्या, औषधाच्या, कसल्यातरी सॉसच्या बरण्या धुऊन पुसून मागच्या छोट्या खोलीत रचत गेलो. शेवटी त्या खोलीत आडवं होऊनच शिरावं लागे. "अहो, तुम्ही कचरा कमी करत नाही आहात," आमच्या हिने एकदा सांगितलं, "तुम्ही तो फक्त धुऊन ठेवता आहात." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. थोर माणसांना घरचे असंच बोलतात.

माझे वडील तळमजल्यावर राहतात, एकटे. त्यांना सगळी इमारत पेंटरबाबा म्हणते. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आई गेल्यावर मी त्यांना वर आमच्याकडे चला म्हणालो तर त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्या खोलीचं दार थेट अंगणात उघडतं. सकाळी दार उघडून ते स्टुलावर बसतात, जाणारा-येणारा टेकतो, गप्पा होतात, कोणाच्या सायकलची घंटा बसवून दे, कोणाच्या दारावरचा आकडा रंगवून दे, असं त्यांचं चाललेलं असतं. मागच्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले तेव्हा मी घाबरलो आणि घाबरलो की मी जे करतो तेच केलं, म्हणजे नियम केला. स्वतःचं स्वतः जमतंय तोवर खाली राहा. ज्या दिवशी जमेनासं होईल त्या दिवशी वर यायचं, वाद नाही.

"कुठे? त्या बरण्यांत?" बाबा म्हणाले.

"बरण्या हलवू."

"अरे, तिसरा मजला. एकदा वर चढलो की उतरणार तो चौघांच्या खांद्यावरच." पण त्यांनी मान डोलावली. त्यांना दुसरा इलाजच नव्हता. वर यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना आता या जगात हवी होती आणि ती माझ्या हातात होती.

तर सगळं छान चाललेलं असताना निळ्या डब्यात ओलं सापडायला लागलं. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, संत्र्याच्या साली, सगळं रद्दीवर सांडलेलं. गाडीवाल्यांनी डबा तसाच ठेवला आणि वर लाल चिठ्ठी चिकटवून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसरी चिठ्ठी लागली की आमची गाडी बंद आणि सगळा कचरा पूर्वीसारखा एकत्र गावाबाहेरच्या ढिगावर जाणार. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी सभा बोलावली आणि उभ्या उभ्या जाहीर केलं की मी गुन्हेगार शोधून काढीन आणि त्याचं नाव खाली प्रवेशद्वाराशी पाटीवर लावीन. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, एवढं कशाला? चिठ्ठी लावू की, कृपया असं करू नये म्हणून." मी म्हणालो, कृपयाने देश चालत नाहीत. टाळी कोणीच वाजवली नाही.

पाटी रंगवायला अर्थातच बाबांकडे गेलो. "वर मोठ्या अक्षरांत लिहा," मी सांगितलं, "'इमारतीचा कचरा बिघडवणारी व्यक्ती'. खाली जागा मोकळी सोडा."

"खाली काय?"

"नाव. सापडल्यावर."

"आणि मग त्या माणसाचं काय करणार?"

"काही नाही. नाव लागलं की झालं. लाज वाटेल."

"लाज तर आधीच वाटत असेल त्याला," बाबा म्हणाले.

"वाटत असती तर केलं असतं का?" मी म्हणालो आणि आपण फार मार्मिक बोललो म्हणून खूश होऊन वर आलो.

पाटी तयार झाली. आता सांगतो, कोणताही साधा, शहाणा, डोळे असलेला माणूस इथेच समजला असता. ज्यांच्या ओळी पट्टी न लावता सरळ यायच्या त्या माझ्या वडिलांची ओळ उतरणीला लागली होती. 'इमारतीचा' जिथे सुरू झालं त्याच्या बोटभर खाली 'व्यक्ती' जाऊन संपली होती. शिवाय त्या दिवसांत बाबांनी पेपर बंद केला होता. "बातम्या काय, त्याच त्याच," म्हणाले, आणि मी काय केलं? मी त्यांचं अभिनंदन केलं. एवढी रद्दी कमी झाली म्हणून चार जणांना कौतुकाने सांगत फिरलो. चहा ओतताना ते कपाच्या आत बोट धरायला लागले होते, तेव्हा मी त्यांना स्वच्छतेवर व्याख्यान दिलं. आणि ती वाकडी पाटी बघून मी म्हणालो, "बाबा, ब्रश बदला. केस झडलेत त्याचे."

"बदलतो," बाबा म्हणाले.

मग मी पाळत ठेवली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंगणात सायकलींच्या मागे उकिडवा बसायचो. पाय सुन्न व्हायचे. डास माझ्यावर तुटून पडायचे. पहिले काही दिवस कोणीच सापडलं नाही, फक्त दूधवाल्याने दचकून पिशवी टाकली. आणि मग एका सकाळी ती सापडली. दुसऱ्या मजल्यावरच्या गायनबाई, ज्या घरी मुलांना गाणं शिकवतात, त्या निळ्या डब्यावर वाकल्या होत्या आणि त्यांच्या मुठीत संत्र्याच्या साली होत्या.

मी सायकलींमागून उठलो. पायाला मुंग्या आल्यामुळे थोडा लंगडत गेलो, पण आवाज नोकरीतलाच काढला. "काही जाहीर करायचंय?"

त्या दचकल्या. साली तशाच हातात. "कस्टमसाहेब, तुम्ही समजताय तसं नाहीये हो."

"मग कसं आहे?"

त्यांनी बाबांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग साली हिरव्या डब्यात टाकल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "तसंच आहे. माझाच कचरा. लिहा नाव."

इतक्या चटकन कबुली मला उभ्या नोकरीत कोणी दिली नव्हती. मी हवेत तरंगतच वर आलो. त्यांचा हात डब्यात जात नव्हता, डब्यातून वर येत होता, हे बघायला डोळे लागतात आणि माझे डोळे तेव्हा स्वतःच्या पराक्रमाने भरून आले होते. हिला सांगितलं तर ही पोळीचं पीठ मळता मळता थांबली.

"गायनबाई? त्या तर आंबट तोंडाला लावत नाहीत. घसा बसतो म्हणून."

"रंगेहाथ पकडलंय मी."

"तुम्ही ती कवळीपण रंगेहाथच पकडली होती," ही म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

मी खाली बाबांकडे गेलो. पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि कोणाचं नाव घालायचं ते सांगितलं. बाबांचा हात गुडघ्यावर होता, तो तिथेच राहिला.

"तिने कबूल केलं?"

"एका दमात."

"काय म्हणाली?"

"माझाच कचरा आहे, म्हणाली. लिहा नाव, म्हणाली."

"असं म्हणाली," बाबा हळूच म्हणाले. मग म्हणाले, "ठेव इथे. सकाळी लावतो मीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गलका ऐकू आला म्हणून मी मुद्दाम चांगला शर्ट घालून उतरलो. आठ-दहा माणसं पाटीसमोर उभी होती. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघून नजर दुसरीकडे वळवली. मी पुढे झालो. मोकळ्या जागेत बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. आणि कसं लिहिलं होतं! अक्षरं एकमेकांवर चढलेली, मात्रा भलत्याच अक्षरावर, आडनावाचं शेवटचं अक्षर पाटीवरून घसरून भिंतीवर उमटलेलं.

आणि मी काय बोललो ते ऐका. भर माणसांत, मोठ्याने म्हणालो, "बाबापण ना! सवयीने सही ठोकली. सही कोपऱ्यात करायची असते."

कोणी हसलं नाही. गायनबाई गर्दीतून पुढे आल्या. एरवी त्यांचा आवाज कसा मऊ असतो, पण त्या दिवशी तो चिरकला. "अहो, अजून नाही कळलं तुम्हाला? त्यांना दिसत नाही. हिरवा कुठला, निळा कुठला, त्यांना कळत नाही. त्यांनी रात्री टाकलेलं ओलं मी रोज सकाळी निळ्यातून काढून हिरव्यात टाकते. मी बहिणीकडे गेले ती परवा परत आले, तेवढे दिवस राहिलं, तेव्हाच तुमच्या त्या चिठ्ठ्या लागल्या."

"मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

"त्यांनी शपथ घातली होती. कळलं की तुम्ही त्यांना वर न्याल म्हणून."

तेवढ्यात बाबांचं दार उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात त्यांची जुनी कापडी बॅग. ते आमच्याकडे न बघता भिंतीला हात लावत जिन्यापाशी आले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "बरण्या हलवल्यास का?"

लोक पांगले, म्हणजे पांगल्यासारखं करून दाराआड उभे राहिले. बाबा एकेक पायरी पावलाने चाचपत चढत होते आणि मी मागून, हात पुढे करावा की नाही हे न कळून, नुसता चढत होतो. पहिल्या वळणावर त्यांना धाप लागली. ते पायरीवर टेकले. मीही त्यांच्या शेजारी बसलो.

"बाबा, थांबा जरा."

"करार म्हणजे करार. मला जमेना. तुझ्या पाटीवर त्या बाईचं नाव घालू का मी? भल्या घरची पोर, रोज माझ्या साली उचलते." "आलो बाबा मी. चल."

मी इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारून जगलो. पण बाबांना मी कधी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. तो त्या पायरीवर विचारला. "काय दिसतं तुम्हाला?"

"बरंच दिसतं की," बाबा म्हणाले. "कठडा दिसतो. पायऱ्या दिसतात. कडेचं सगळं दिसतं. नेमकं ज्याच्याकडे बघावं, तेवढंच जातं. तिथे धुरकट डाग."

"आणि मी?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तुझे कान दिसतात," म्हणाले. "मधे काही नाही."

मला आधी हसू आलं. मग एकदम रडू कोसळलं, शर्टाच्या बाहीने पुसावं लागलं असं. मी रोज सकाळी त्यांच्या दारात उभा राहून भाषण देत होतो आणि इतके महिने ते दोन कानांशी बोलत होते. लाज कशी वाटते ते मला समजायला माझी पाटी लागली नाही.

"स्वयंपाक जमतो तुम्हाला?" मी विचारलं.

"जमतो."

"कपडे?"

"धुतो की. हाताला कळतं. ओलं-सुकंसुद्धा घरात मी बरोबर वेगळं करतो. पण खाली गेलं की ते तुझे दोन डबे. हात लावला तरी सारखेच. काळे की निळे की हिरवे, देव जाणे. नशिबावर सोडून टाकायचो."

म्हणजे माझ्या वडिलांना या इमारतीत जमत नव्हती अशी एकच गोष्ट होती, आणि ती मी मुद्दाम निवडून, जास्त पैसे मोजून आणली होती. स्वतःचा असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. मी उठलो, त्यांची बॅग उचलली.

"चला खाली."

"आणि करार?"

"मी मोडला."

"तू?" बाबा म्हणाले. "तू तर नियमाचा माणूस."

"चला हो," मी म्हणालो, आणि त्यांचा हात धरायला गेलो तर त्यांनी तो झटकला आणि कठडा धरला. उतरताना ते माझ्यापेक्षा भराभर उतरले.

त्याच दिवशी मी दुकानात जाऊन चौकोनी डबा आणला, सुक्यासाठी. दुकानदार काही बोलला नाही, पण हसला, आणि ते मला मिळायलाच हवं होतं. आता गोल ते ओलं, चौकोनी ते सुकं, अंधारातही कोणी चुकणार नाही. गंमत म्हणजे बाकीच्यांच्याही चुका थांबल्या. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी कबूल केलं की घाईत रंग बघत नव्हते, आणि मी त्यांना एका शब्दानेही बोललो नाही, फक्त जीभ चावली. ही बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मला नेलं नाही, मी तिथेही प्रश्न विचारीन म्हणून. डॉक्टर म्हणाले की गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं बरंच टिकवता येईल, लवकर यायला हवं होतं. ते शेवटचं वाक्य हिने मला दोनदा सांगितलं.

गायनबाईंची माफी मागायला त्यांच्याकडे गेलो. दारात उभा राहून तयार केलेलं भाषण सुरू केलं. त्यांनी निम्म्यात थांबवलं. "असू द्या हो. पण ते सायकलींमागे बसणं बंद करा. माझ्या शिकवणीची मुलं घाबरतात, सूर हलतो त्यांचा." मी बरं म्हणालो. अध्यक्षपद मी सोडलं, पण समितीत मी एकटाच असल्यामुळे ते पुन्हा माझ्याकडेच आलं.

डॉक्टरांनी हिला आणखी एक सांगितलं होतं: बाबांशी बोलताना समोर उभं राहू नका, थोडं बाजूला राहा, त्यांच्या उरलेल्या नजरेत या. मला ते जमेना. सगळी हयात माणसांच्या नाकासमोर उभं राहण्यात गेलेली. दोन-तीनदा विसरलो. मग एका सकाळी बाबा अंगणात स्टुलावर बसून कप विसळत होते, तेव्हा मी आठवणीने त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन, जरा तिरका, गुपचूप उभा राहिलो.

बाबांचे हात थांबले. मान त्यांनी हलवली नाही, सरळ समोर भिंतीकडेच ठेवली.

"हां," म्हणाले. "आता दिसलास."

मग बराच वेळ ते तसेच माझ्याकडे बघत राहिले, भिंतीकडे तोंड करून. कपातलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

"अरे, केस पिकले की तुझे," बाबा म्हणाले. "कधी?"